शेवटच्या डब्यातले दाजी

आमच्या दाजींइतकं पाठीमागं लक्ष ठेवणारं माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात दुसरं झालं नाही, आणि पुढं काय चाललंय याची इतकी कमी फिकीर असलेलंही नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे, हे यजमान. मूळ गाव होटगी, घर सोलापुरात भवानी पेठेत, आमच्या घराच्या पलीकडच्याच गल्लीत. नोकरी रेल्वेत, मालगाडीवर गार्ड. जन्मभर गाडीच्या शेवटच्या डब्यात एकटं बसायचं आणि मागं मागं पळणारे रूळ बघायचे, हाच धंदा. त्यामुळं माणसाची मानच कायमची मागं वळलेली. इंजिन कुठल्या रंगाचं होतं असं विचारलं तर दाजी विचारात पडत. पण मागं सुटलेल्या स्टेशनातल्या नळाला पाणी येत होतं की नव्हतं, हे मात्र छातीठोक सांगत. मी शाळामास्तरीण. “अरे, पुढं बघून चाला रे” असं पोरांवर ओरडण्यात माझा सगळा जन्म गेला, आणि मेहुणा म्हणून वाट्याला आले ते हे असे!

शेवटचं असणं त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. लग्नाच्या पंगतीत सगळ्यात शेवटचं पान दाजींचं. कुणी हात धरून पुढं बसवायला लागलं तर म्हणत, “तुमी बसा वो. समद्यांचं झालं का न्हाय बघणारं कोनतरी मागं पायजे की.” तोवर जिलेबी संपलेली असायची, आणि दाजी मठ्ठ्यात भात कालवून खुशीत उठायचे. माझ्या लग्नाच्या वरातीत ते बँडवाल्यांच्या सामानाच्या हातगाडीच्याही मागून एकटेच चालत होते. त्या लग्नाचा फोटो अजून आमच्या भिंतीवर आहे. अगदी मागच्या रांगेत एक कान दिसतो, तो दाजींचा. दोन्ही घरची मंडळी मिळून जीपनं कुठं देवाला निघालो की ते सगळ्यांच्या शेवटी चढत आणि दार ओढून घ्यायच्या आधी ठरलेला प्रश्न विचारत, “गाडी पुरी हाय का?” सगळ्यांनी एका सुरात “पुरी हाय” म्हटल्याशिवाय ड्रायव्हरला चावी फिरवायची परवानगी नव्हती. एकदा आमच्या यजमानांनी चेष्टेत “न्हाय” म्हटलं, तर दाजींनी सगळ्यांना, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट, खाली उतरवलं आणि एकेकाचं तोंड बघून परत चढवलं. मी रागानं लाल झाले होते. अक्का मात्र पदर तोंडाला लावून हसत होती.

या ‘पुरी’मागं त्यांचं शास्त्र होतं, आणि ते ऐकल्याशिवाय त्या घरी चहा मिळत नसे. मालगाडी लांबच लांब. मध्येच कुठं जोड तुटला आणि मागचे डबे रानात राहिले, तर इंजिनवाल्याला लगेच पत्ता लागेलच असं नाही. म्हणून गाडी जाताना स्टेशनातली आणि गेटावरची माणसं इंजिनाकडं बघत नाहीत, शेवटच्या डब्याकडं बघतात. दिवसा तिथं पाटी असते, अंधारायला लागलं की लाल दिवा. तो दिसला म्हणजे गाडी पुरी गेली. नाही दिसला की धावाधाव. “त्यो दिवा म्हंजे गार्डाची अब्रू,” दाजी बशीत चहा ओतत सांगायचे. “इंजिन काय, फुडं वढतंया. पर मागचं समदं आलंय का न्हाय, ते कोन सांगतंय? दिवा सांगतोय.” हे मी इतक्यांदा ऐकलं होतं, की त्यांनी बशी उचलली की पुढचं वाक्य मीच म्हणून टाकायची. त्याचाही त्यांना राग यायचा नाही. “बराबर. पाठ झालं हिला,” असं म्हणून ते चहा फुरकायचे.

त्यांच्या घरून साधं ‘येते हं’ म्हणून निघायची सोय नव्हती. दाजी उंबऱ्यात उभे राहणार, खांद्यावरचा हिरवा पंचा हातात घेऊन गार्डाच्या झेंडीसारखा हलवणार, शिट्टी मारणार, आणि आपण गल्लीच्या वळणाला दिसेनासे होईपर्यंत तिथून हलणार नाहीत. नोकरी सुटताना रेल्वेची शिट्टी परत करावी लागली म्हणून त्यांनी बाजारातून स्वतःची आणली होती. दूधवाला दूध घालून झालं तरी शिट्टी होईपर्यंत सायकलवर बसत नसे, एवढी त्यालाही सवय लागली. लेक पुण्याला दिलेली. ती माहेरपण करून परत निघाली की एसटी स्टँडवर बस सुटून पार दिसेनाशी झाली तरी हे आपले पंचा धरून उभे. “अय्यो, बस गेली, तिचा धूर बी गेला, आता चला की!” अक्का म्हणायची. तेव्हा कुठं दाजी पंचा खांद्यावर टाकत आणि स्वतःशीच हळू गार्डाचा ठरलेला शब्द म्हणत, “ऑल राइट.”

असा हा माणूस. त्यानं नोकरी संपल्यावर जुनी मोटारसायकल घेतली. शेवटच्या डब्यात जन्म काढलेला माणूस आता इंजिन हाकणार! पण दाजींनी तिचीही मालगाडीच केली. मागून एक्सप्रेस आली की मालगाडीनं बाजूच्या रुळावर जाऊन गप उभं राहायचं असतं. त्याला ते लूपलाइन म्हणत. होटगी रोडला मागून रिक्षा येवो, टेम्पो येवो, उसाचा ट्रॅक्टर येवो, दाजी गाडी डाव्या अंगाला घेत, पाय टेकत आणि मोठ्या मनानं म्हणत, “जाऊ दे, एक्सप्रेस हाय.” सायकलवाल्यांनासुद्धा त्यांनी एक्सप्रेसचा मान दिला. एकदा तर म्हशी आल्या. दाजी वाट देऊन उभे, आणि म्हशीही दाजींकडं बघत उभ्या. कुणीच हलेना. शेवटी गुराख्यानं दाजींनाच हाकललं.

या गाडीवर मागं बसायची ती आमची अक्का. एका बाजूला दोन्ही पाय सोडून, एक हात दाजींच्या खांद्यावर आणि एक हात पिशवीवर, अशी ऐसपैस. बसल्यापासून उतरेपर्यंत तिचं तोंड चालू असायचं. दाजींच्या पाठीला कान आहेत अशी तिची समजूत होती, आणि दाजीही मधून मधून “व्हय व्हय” करून ती खरी करायचे. “एवढी वर्सं मी मागं बसलो,” ते आम्हाला ऐकवायचे. “आता माज्या मागं कोन बसलंय बगा!” अक्का “काय तरीच तुमचं” म्हणायची, पण पदर नीट करायची. लग्नापासून तिनं नवरा म्हणजे काय, तर डबा भरून ड्युटीवर जाणारं आणि कधी येईल त्याचा नेम नसलेलं माणूस, एवढंच बघितलेलं. सणाला दाजी कुठल्यातरी लूपलाइनला उभे, आणि ती एकटी पुरणपोळ्या झाकून दाराकडं बघत बसलेली. नवरा रोज हाताशी मिळायला तिला म्हातारपण यावं लागलं. त्या मागच्या सीटवर ती मनापासून सुखी होती. हे मी ऐकीव सांगत नाही, मी बघितलंय.

आणि मग तो स्विच बिघडला. मोटारसायकलच्या उजव्या पायाशी ब्रेकची पट्टी असते. ती दाबली की एक बारकी स्प्रिंग ओढली जाते, तिच्या टोकाला बोटाच्या पेराएवढा स्विच असतो, आणि मागचा लाल दिवा लागतो. पाय उचलला की विझतो. दाजींच्या गाडीचा तो स्विच चिखलानं, गंजानं ओढलेलाच अडकून बसला आणि दिवा विझायचाच बंद झाला. चावी फिरवली की लाल, बंद केली की काळा. मध्ये काही नाही. मागून येणाऱ्यांची तारांबळ. “ओ काका, थांबताय का जाताय?” असं रिक्षावाले ओरडायचे. गल्लीतली पोरं म्हणायची, दाजी मंत्री झाले, लाल दिवा मिळाला. दुसऱ्या कुणी तो स्विच त्याच दिवशी बदलून टाकला असता. दाजी मात्र गाडी स्टँडवर लावून, मागं उकिडवे बसून त्या दिव्याकडं कौतुकानं बघत राहिले. गाडीला उशिरा का होईना अक्कल आली, असं त्यांचं मत पडलं.

पेठेच्या कोपऱ्यावर नसीरचाचांचं गॅरेज आहे. ते दाजींना बघितलं की हातातलं काम टाकून रस्त्यावर यायचे. “काका, ब्रेकलाइट का स्विच जाम हुआ सो है. पाच मिनट का काम. बैठो, चाय पीते पीते बदल डालताऊं.” दाजी हात जोडायचे. “चाचा, दुसरं कायबी बदला. इंजिन बदला. दिव्याला हात लावू नगा.” दिवा सारखा चालू म्हणून बल्ब उडायचा, तो दाजी बदलायचे. बॅटरी उतरायची, ती भरून आणायचे. पण स्विच नाही. चाचा कपाळावर हात मारून परत आत जायचे.

अक्काला याचा वैताग होता. “समदं सोलापूर माज्या पाठीकडं बघून ब्रेक मारतंय,” ती म्हणायची. “बदला की वो त्यो स्विच.” दाजी म्हणायचे, “बघू की.” हे ‘बघू की’ म्हणजे आमच्याकडं नाही म्हणायची सभ्य रीत. अक्कानंही फार ताणून धरलं नाही. मागची सीट मिळतेय ना, मग पाठीवर दिवा लागो नाहीतर विझो, अशी तिची वृत्ती. तिथंच सगळं थांबलं असतं तर आज मी हे हसत हसत लिहिलं असतं.

भुईमूग निघाला की दाजी आणि अक्का होटगीला दिराच्या शेतावर जात आणि वर्षाच्या शेंगा घेऊन येत. त्यातला वाटा आमचा. त्या वर्षी मी तो न्यायला त्यांच्या घरी जाऊन बसले होते, चहासुद्धा माझा मीच करून घेतला होता. दिवेलागण झाली आणि गल्लीत फटफट ऐकू आली. मी दारात गेले. दाजी गाडीवर, प्रसन्न चेहरा, काहीतरी बोलतच येत होते. “...म्हनून म्हन्तो, भावाला यंदा खत जरा जास्तच घालाया सांगू,” एवढं मला ऐकू आलं. गाडी थांबली. दाजी नेहमीसारखे मान वळवून आधी दिव्याकडं बघते झाले. दिवा लाल. “ऑल राइट,” म्हणाले. मागच्या सीटवर, त्यांच्या पाठीला टेकून, शेंगांचं भलंमोठं बोचकं बसलं होतं.

“दाजी, अक्का कुठाय?” मी विचारलं.

दाजींनी बोचक्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग परत बोचक्याकडं. त्या माणसाच्या तोंडावरचं रक्त उतरताना मी बघितलं आणि माझ्या ओठावर आलेलं हसू तिथंच मेलं.

झालं होतं असं. वाटेत रेल्वेचं गेट पडलेलं होतं. मालगाडी येणार म्हटल्यावर दाजींना दुसरं काही सुचत नाही. अक्काचे गुडघे आखडले म्हणून ती खाली उतरली, शेंगांचं बोचकं सीटवर दाजींच्या पाठीला टेकवलं, “पेरू घेती वो” असं म्हणाली आणि कडेच्या पेरूवालीकडं गेली. दाजी “व्हय व्हय” म्हणाले असणारच. ते त्यांच्या तोंडात कायम असायचं. गाडी धडधडत गेली. शेवटचा डबा आला, लाल दिवा लागलेला. दाजींनी पंचा हलवला. गार्डानं हिरवा दिवा दाखवला. तो खरं तर गेटवाल्याला दाखवला असणार, पण दाजींना वाटलं आपल्यालाच. कित्येक वर्षांनी कुणीतरी ओळख दिली! त्या आनंदात गेट उघडलं, मागून हॉर्न वाजले, आणि दाजींनी किक मारली. सगळा रस्ता ते बोचक्याशी बोलत आले. ते मध्ये एकदाही बोललं नाही, याचा त्यांना उलट आनंद झाला होता. आज निवांत ऐकून घेतीया, असं वाटलं म्हणे.

दाजी तसेच उलटे गेले. अक्का तोवर वडापनं, जीपमध्ये पंधरा माणसांत कोंबून, घरी आली. वाटेत दोघं एकमेकांच्या बाजूनं गेले, ते कुणालाच कळलं नाही. दाजी गेटावर पोचले तेव्हा अक्का घरात पाय धूत होती, आणि ते परत आले तेव्हा ती पेरू चिरून माझ्यापुढं ठेवत होती. आता आरडाओरडा होणार म्हणून मी भिंतीला टेकून बसले. अक्काचं तोंड म्हणजे काय सांगावं! पण ती ओरडली नाही. दाजी दारात उभे, धुळीनं माखलेले, पंच्याचा पीळ करत. “घरला आलो तवा मी आपल्या गाडीचा दिवा बघितला गं,” ते म्हणाले. “दिवा हुता. मला वाटलं समदं हाय.”

अक्कानं सुरी खाली ठेवली. “तुमी दिवा बघितला,” ती म्हणाली, “मला न्हाय बघितलं.”

मग पेरूची फोड माझ्याकडं सरकवत म्हणाली, “गेटावरची बाई इचारत हुती, तुमचं मानूस कुटं गेलं म्हनून. मी नुसती हसले. आता त्यो दिवा आदी नीट करा. मग बसते मी मागं. तवर न्हाय.”

कुणालाही वाटेल, दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी चाचांच्या गॅरेजात असतील. मलाही वाटलं. पण नाही. दाजींनी तिची हातापाया पडून माफी मागितली, गजरे आणले, आठवडाभर स्वतः भांडी घासली, पण दिव्याला हात लावला नाही. “चूक माजी, दिव्याची न्हाय,” म्हणायचे. “गार्डाला दिवा इझवाया सांगतीया ही!” अक्काही आमच्याच अकलूजच्या माहेरची, हट्टी. तिच्या तोंडून एकदा गेलं की गेलं. मी दोघांनाही झापलं. दाजींना म्हटलं, “एवढ्याशा स्विचपायी बायकोला रिक्षानं पाठवता?” अक्काला म्हटलं, “पुरे झालं आता, बस की जाऊन.” दोघांनीही माझ्यापुढं चिवड्याची ताटली सरकवली.

मग त्या जोडीचं जे सुरू झालं ते भवानी पेठेनं वर्षभर बघितलं. अक्का बाजारात, देवळात, कुठंही रिक्षानं निघायची, आणि रिक्षाच्या मागं, ठरावीक अंतर ठेवून, लाल दिवा लावून दाजी. मागची सीट रिकामी. सिग्नलला रिक्षा थांबली की हेही थांबायचे. अक्का उतरली की पिशवी धरायला पुढं यायचे, ती मुकाट देऊन टाकायची. लोक हसायचे. मीही हसले, खोटं कशाला बोलू? एकदा मी तिच्याबरोबर रिक्षात होते. ती मागं वळून बघत नव्हती, मान ताठ. पण डोळे रिक्षावाल्याच्या आरशावर. चौकातून आम्ही पुढं निघालो तशी ती त्याला म्हणाली, “जरा दमानं घ्या वो. मागं आमचं मानूस येतंया.” मी तिच्याकडं बघितलं तर म्हणाली, “तू गप.” एवढी माया आणि एवढा हट्ट एकाच माणसात कसा राहतो, देव जाणे.

पुढच्या वर्षीच्या थंडीत तिला ताप आला. साधा ताप म्हणून घरगुती काढे झाले, मग छाती भरली, मग श्वास लागला. दवाखान्याची गाडी आली तेव्हा मी तिच्याजवळ बसले. दाजींना म्हटलं, “चला, आत बसा.” ते गोंधळून इकडंतिकडं बघायला लागले, आणि जन्माची सवय तोंडातून बाहेर आली, “व्हा तुमी फुडं. मी मागनं येतो.” गाडी निघाली. अक्का आडवी, नाकाला नळी, तिला मागचं काही दिसत नव्हतं. तिनं माझ्या हाताला हात लावला आणि विचारलं, “हायेत का मागं?” मी काचेतून बघितलं. त्या गर्दीत दाजी आज कुणालाही वाट देत नव्हते. रिक्षा, टेम्पो, सगळ्यांना मागं टाकत आमच्या मागं मागं येत होते. “आहेत,” मी म्हणाले. तिनं डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी तिला जरा बरं वाटलं. उशीला टेकून बसली, दोन घोट पेज घेतली. दाजी पलंगाशी स्टुलावर. तिनं सहज विचारावं तसं विचारलं, “दिवा नीट केला का?” दाजी उठले आणि तडक निघाले. मी मागनं गेले, म्हटलं हा माणूस आता कुठं पडायला नको.

दाजी थेट चाचांच्या गॅरेजात. चाचांनी लगेच गाडी आत घेतली, पायाशी बसले, स्प्रिंग सोडवली, वायरी काढल्या, पान्यानं नट फिरवला आणि तो गंजका स्विच बाहेर आला. नवा घातला, स्प्रिंग अडकवली. मग त्याचा नट हळूहळू फिरवत, ब्रेकवर नुसता पाय टेकला की दिवा लागेल आणि उचलला की विझेल, असा जुळवून दिला. “देखो काका.” दाजी मागं उकिडवे बसले. चाचांनी पाय ठेवला, दिवा लागला. पाय उचलला, विझला. लागला. विझला. टपरीवरचा चहा येऊन निवायच्या आत सगळं झालं होतं. दाजी तिथंच बसून राहिले. “एवढंच हुतं व्हय?” ते म्हणाले. चाचा दुसरीकडं बघत हात पुसत राहिले.

जुना स्विच दाजींनी पंच्यात गुंडाळून दवाखान्यात आणला आणि अक्काच्या हातावर ठेवला. तिनं तो उलटसुलट करून बघितला. तिला वाटत होतं काहीतरी मोठं यंत्र असेल. “अय्यो, एवढंसं!” ती म्हणाली, आणि हसायला लागली, मग तिला खोकला आला, तरी हसतच राहिली. दाजीही हसले. किती दिवसांनी दोघं एकदम हसताना मी बघितली! “सोडलं म्हंजे घरला जाताना बसते मागं,” ती म्हणाली. “रिक्षा करू नगा.” दाजी म्हणाले, “व्हय.” या वेळी तो ‘व्हय’ नीट ऐकून म्हटलेला होता.

दाजींनी घरी जाऊन सीट पुसली. तिचे गुडघे दुखतात म्हणून पाय ठेवायची पट्टी खाली घेऊन आणली. सकाळी धुतलेला पंचा घेऊन आले. त्या सकाळीच अक्का गेली. डॉक्टर काय काय सांगत होते. मला त्यातलं काही आठवत नाही. दाजी गाडीची चावी मुठीत धरून भिंतीशी उभे होते, एवढं आठवतं.

मला अजून राग येतो. कुणाचा, ते नीट सांगता येत नाही. एवढीशी स्प्रिंग, चहा निवेपर्यंतचं काम, आणि त्यापायी वर्षभर दोन म्हातारी माणसं रस्त्यानं पुढंमागं चालली. जी सीट तिला एवढ्या उशिरा मिळाली होती, ती वर्षभर रिकामी गेली. ते वर्ष कुणी परत देत नाही.

दाजींची शिट्टी बंद झाली. दूधवाला सुरुवातीला घुटमळायचा, आता निघून जातो. पंगतीत बसवतील तिथं बसतात. मला वाटलं होतं, गाडीही विकतील. पण यंदा भुईमूग निघाल्यावर एक दिवस दुपारी आमच्या दारात फटफट वाजली. “चल,” दाजी म्हणाले. “होटगीला जाऊन येऊ. तुजा वाटा हाय की.” मी त्यांच्या गाडीवर कधी बसले नव्हते. ती जागा माझी नव्हती. पण नाही म्हणवेना.

जाताना थोड्या थोड्या वेळानं दाजी मान वळवून बघत होते. मला भीती वाटायला लागली. “पुढं बघा हो दाजी!” मी ओरडले, अगदी वर्गात ओरडते तशी. “बघतोय की,” ते म्हणाले. “पर आता दिवा सारखा ऱ्हात न्हाय. इझतोय. त्याच्यावर सोडून चालत न्हाय. आपुनच बघाया लागतंय.”

येताना गेट पडलेलं होतं. बोचकं मी मांडीवर घट्ट धरलं होतं. दिवेलागण झालेली, पेरूवाली टोपलीवर फडकं टाकत होती. लांबून मालगाडीचा आवाज आला, जमीन हलायला लागली. म्हटलं आता पंचा निघणार. डब्यांमागून डबे गेले, शेवटचा आला, लाल दिवा लागलेला. दारात उभ्या गार्डानं हिरवा दिवा दाखवला. दाजींनी तिकडं बघितलंच नाही. सगळी गाडी जाईपर्यंत ते मान मागं वळवून, माझ्याकडं बघत बसले होते.

“दाजी, गाडी गेली,” मी म्हणाले. “पुरी होती. दिवा बघितला मी.”

“आसंल,” ते म्हणाले.

गेट वर गेलं. मागून हॉर्न सुरू झाले, “काका, चला की” म्हणून कुणीतरी ओरडलं. दाजींनी किकवर पाय ठेवला आणि तसेच थांबले.

“हायस न्हवं मागं?” त्यांनी विचारलं.

मी समोरच होते. ते माझ्याकडंच बघत होते. माझं शाळेतलं सगळं शुद्ध मराठी कुठल्या कुठं गेलं.

“हाय की, दाजी,” मी म्हणाले. “हितंच हाय.”

मग त्यांनी किक मारली.